इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळतात, मग अडत का नाहीत?

प्रश्न असा आला आहे: "मी सांगलीत एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सांगितलं की दोन इलेक्ट्रॉनांची टक्कर झाली तरी दोघांचा मिळून संवेग तेवढाच राहतो. म्हणून या टकरींमुळे रोध येत नाही आणि त्या सोडून द्यायच्या. मग ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरात, नेमक्या याच टकरींवर एवढं काम का चालतं? दोन मितींत टकरींच्या दरातल्या तापमानाच्या वर्गाला तो लॉगरिदम कुठून चिकटतो? आणि प्रकल्पासाठी यातलं घरी बसून काही करता येईल का?"

तुझ्या सरांनी सांगितलं त्याचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. दुसरा अर्धा, "म्हणून सोडून द्यायच्या", मला मान्य नाही. द्विमितीय, म्हणजे एका सपाट थरात कोंडलेल्या, इलेक्ट्रॉनांवर मी पंचवीस वर्षं मोजमापं केली आणि त्यातली बरीचशी या सोडून दिलेल्या टकरींच्याच मागे गेली. आदळणं वेगळं आणि अडणं वेगळं. हा फरक नीट बसला की बाकीचं त्यातून उलगडत जातं.

आपल्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा डोळ्यांपुढे आण. माझं लहानपण हरिपुरातलं आणि घरात हळदीचाच व्यवहार, त्यामुळे मला हे असंच सुचतं. यार्डात दिवसभर पैसा या हातातून त्या हातात जातो. कोण श्रीमंत झालं, कोण रिकामं झालं हे सतत बदलतं, पण यार्डातली एकूण रक्कम त्यामुळे पैनेही कमी होत नाही. ती कमी होते फाटकातून पैसा बाहेर गेला तरच. इलेक्ट्रॉनांचा संवेग हा तो पैसा. स्फटिकातली अशुद्धी, अणूंची थरथर म्हणजे फोनॉन आणि पट्टीच्या खडबडीत कडा ही फाटकं. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या टकरी म्हणजे आतले व्यवहार. मोठ्या, अशुद्धीने भरलेल्या नमुन्यात फाटकं पावलोपावली असतात, म्हणून आतले व्यवहार मोजमापात दिसतच नाहीत. पण पटांगण स्वच्छ असेल आणि फाटकं फक्त कडेला असतील, तर पैसा फाटकापर्यंत किती लवकर पोहोचतो हे आतल्या देवघेवीवरच ठरतं. वर्गातलं वाक्य नेमकं इथे अपुरं पडतं.

आता टकरी किती होतात ते पाहू. इलेक्ट्रॉन एकमेकांना चांगले जोरात ढकलतात, तरी थंड धातूत त्यांची टक्कर क्वचित होते. कारण पाउलीचा नियम: एका जागी, म्हणजे एका अवस्थेत, एकच इलेक्ट्रॉन मावतो. टक्कर झाल्यावर दोघांनाही रिकाम्या जागी जाऊन बसावं लागतं आणि फर्मी समुद्रात, म्हणजे खालून वर भरत आलेल्या ऊर्जेच्या पातळ्यांत, रिकामी जागा फक्त पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात असते. जोडीदारही त्याच थरातून यावा लागतो. थराची जाडी तापमानाच्या प्रमाणात, आणि हे बंधन दोनदा लागतं, म्हणून टकरींचा दर तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. १९५६च्या सुमारास लांडाउने मांडलेल्या फर्मी द्रवाच्या चित्राचा हा कणा आहे.

आकडे घालून बघ. ग्राफीनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १०चा १२वा घात इतके इलेक्ट्रॉन भरले, तर फर्मी ऊर्जा, म्हणजे त्या समुद्राच्या पृष्ठभागाची उंची, येते सुमारे ११७ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट. १०० केल्विनला औष्णिक ऊर्जा ८.६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट. तिचा वर्ग करून फर्मी ऊर्जेने आणि प्लांकच्या लघुकृत स्थिरांकाने (ħ) भाग, म्हणजे टकरींचा दर मिळतो. तो उलटा केला की दोन टकरींमधला वेळ साधारण १ पिकोसेकंद येतो. ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन सेकंदाला १० लाख मीटर या वेगाने धावतो, म्हणजे दोन टकरींमधलं अंतर १ मायक्रॉन. गुणक नीट धरले की ते आणखी खाली, मायक्रॉनच्या काही दशांशांवर येतं. तेच गणित ४ केल्विनला कर. तापमान पंचवीस पटींनी उतरलं, तर वेळ सव्वासहाशे पटींनी वाढतो. तिथे इलेक्ट्रॉन शंभरेक मायक्रॉन जातो तरी त्याला दुसरा भेटत नाही. म्हणजे या टकरी पाहायच्या तर फार थंड करून चालत नाही, आणि फार गरम केलं तर फोनॉन सगळं गिळतात. ग्राफीनचे अणू हलके आणि बंध ताठ, त्यामुळे तिथे फोनॉनांचा उपद्रव उशिरा सुरू होतो आणि मधे १०० ते २५० केल्विनची एक छान खिडकी उघडी राहते. ग्राफीनवर एवढं काम होण्याचं हे एक साधं, व्यावहारिक कारण.

तुझ्या लॉगरिदमकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुस्तकात हे दोन पानी इन्टिग्रलमध्ये दडपलेलं असतं आणि खरं तर ते दोन बांगड्यांत दिसतं.

द्विमितीय पदार्थात फर्मी पृष्ठभाग, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या संवेगांमधली सीमा, हे एक वर्तुळ असतं. टकरीआधीचे दोघे त्या वर्तुळावर, टकरीनंतरचे दोघेही जवळजवळ त्याच वर्तुळावर. दोघांच्या संवेगांची बेरीज बदलायची नाही. आता सारख्या मापाच्या दोन बांगड्या टेबलावर ठेव. पहिलीचं केंद्र शून्यावर, दुसरीचं केंद्र त्या बेरजेइतकं सरकवलेलं. टकरीनंतर एक इलेक्ट्रॉन जिथे जाऊ शकतो तो बिंदू दोन्ही बांगड्यांवर असावा लागतो. एकमेकींवर अर्धवट सरकलेल्या दोन बांगड्या किती ठिकाणी छेदतात? फक्त दोन. आणि ते दोन बिंदू म्हणजे टकरीआधीचेच दोघे! म्हणजे एकतर दोघे होते तिथेच राहिले, नाहीतर त्यांनी जागा बदलल्या. इलेक्ट्रॉन एकसारखेच असल्यामुळे जागा बदलूनही फारसं काही घडलं नाही. तीन मितींत असं नसतं. तिथे बांगड्यांच्या जागी दोन साबणाचे फुगे घे. ते एका अख्ख्या वर्तुळावर छेदतात आणि टकरीनंतरच्या जोडीला त्या वर्तुळावर कुठेही जायची मुभा मिळते.

दोन मितींत खरी मुभा मिळते ती बेरीज शून्य असेल तेव्हाच. दोघे बरोबर समोरासमोरून आले की दोन्ही बांगड्या तंतोतंत एकीवर एक बसतात आणि जोडी कुठल्याही दिशेला फुटू शकते, एक इकडे तर दुसरा बरोबर उलट तिकडे. दुसरं टोक म्हणजे बांगड्या जेमतेम एकमेकींना टेकलेल्या. तेव्हा दोघे एकाच दिशेने जात असतात. या दोन्ही टोकांना, म्हणजे दोघांची दिशा जवळजवळ एकाच रेषेत असते तेव्हा, बांगड्या एकमेकींना फार लांबवर चाटून जातात. औष्णिक ऊर्जेमुळे बांगडीला जी थोडी जाडी येते, तिच्यात मावणाऱ्या शक्यता तिथे एकदम वाढतात. सगळे कोन धरून बेरीज केली की या टोकांपाशी ती लॉगरिदमसारखी फुगते. म्हणून दर येतो तापमानाचा वर्ग गुणिले फर्मी ऊर्जा भागिले औष्णिक ऊर्जा यांचा लॉगरिदम. चाप्लिक यांनी १९७१ मध्ये आणि जुलियानी व क्विन यांनी १९८२ मध्ये हे गणित केलं. पुढे १९९५ मध्ये आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या दोन जवळजवळच्या थरांमधलं टनेलिंग, म्हणजे मधला अडथळा भेदून जाणारे इलेक्ट्रॉन, मोजून इलेक्ट्रॉनाचं आयुष्य थेट शिखराच्या रुंदीतून काढलं. ती मोजणी वाच. एवढी स्वच्छ मांडणी कमी ठिकाणी सापडते.

बांगड्यांमधून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला लॉगरिदमपेक्षाही महत्त्वाची वाटते. समोरासमोरची टक्कर एका दिशेचा एक इलेक्ट्रॉन काढते आणि बरोबर उलट दिशेचाही एक काढते. मग दुसऱ्या दिशेला एक घालते आणि तिच्या उलट दिशेलाही एक घालते. म्हणजे समोरासमोरच्या दोन दिशांमधला फरक काही केल्या बदलत नाही. वर्तुळाचा आकार लांबट झाला असेल तर ही टक्कर तो चटकन गोल करते, पण तिकोनी झाला असेल तर तिला तो दिसतच नाही. वर्तुळाभोवती दोन, चार फुगे असलेले आकार म्हणजे सम हार्मोनिक, तीन, पाच फुगे असलेले विषम. सम हार्मोनिक लवकर विरतात, विषम हार्मोनिक खूप वेळ टिकतात. लेविटॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणितात खूप कमी तापमानाला सम भागाचा दर तापमानाच्या वर्गाने, तर विषम भागाचा चौथ्या घाताने उतरतो. म्हणजे "टकरीचा काळ किती?" या प्रश्नाला दोन मितींत एकच उत्तर नाही. कुठला आकार विरायची वाट पाहतो आहोत, त्यावर ते ठरतं. कुणी एकच आकडा सांगितला, तर तो कुठल्या मोजणीतला आहे हे आधी विचारायचं.

आता मोजमापात हे दिसतं कुठे? पहिली कल्पना खारकीव्हच्या गुर्झींची, १९६३ची. एक अरुंद, अतिशय स्वच्छ पट्टी घ्या, जिथे संवेग फक्त कडांवर गमावला जातो. इलेक्ट्रॉन एकमेकांवर वारंवार आदळू लागले, तर मधला इलेक्ट्रॉन कडेपर्यंत सरळ जाऊच शकत नाही. तो अडखळत, वाट बदलत जातो. यार्डातला पैसा जितके हात बदलेल तितका फाटकापर्यंत उशिरा पोहोचेल, तसंच हे. तापमान वाढवलं की टकरी वाढतात आणि रोध कमी होतो! नेहमीच्या धातूच्या बरोबर उलट. गुर्झींना हे दिसायला बत्तीस वर्षं थांबावं लागलं. १९९५ मध्ये डी योंग आणि मोलेनकांप यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या अरुंद तारांमध्ये नमुना थंडच ठेवून करंटने फक्त इलेक्ट्रॉन तापवले. रोध आधी थोडा वाढला आणि मग उतरू लागला. ते आधीचं वाढणंही सिद्धांतात आहे. टकरी थोड्याच असतात तेव्हा कडेला समांतर धावणारे इलेक्ट्रॉनसुद्धा कडेकडे वळवले जातात. टकरी खूप झाल्या की मग द्रवासारखा प्रवाह सुरू होतो.

ग्राफीन २००४ मध्ये मँचेस्टरला वेगळं काढलं गेलं, पण या कामासाठी ते उपयोगी पडलं नंतर, हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड या सपाट, विद्युतरोधक स्फटिकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये गुंडाळायला जमल्यावर. मग २०१६ मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनमध्ये करंट सोडायच्या टोकाच्या अगदी शेजारी ऋण व्होल्टेज मोजलं. धार शेजारच्या इलेक्ट्रॉनांना ओढत नेते आणि बाजूला उलटा ओघ तयार होतो. त्यावरून काढलेली व्हिस्कॉसिटी सेकंदाला ०.१ चौरस मीटरच्या आसपास आली, म्हणजे पाण्याच्या लाखभर पट आणि मधापेक्षाही दहा पटींच्या घरात.

इथे एक चूक सगळीकडे दिसते. या प्रवाहाचं चित्र काढताना लोक नदी आणि पुलाच्या खांबामागचे भोवरे काढतात. आयर्विन पुलावरून कृष्णेचे भोवरे बघतच मी मोठा झालो, त्यामुळे हे नीट सांगायला हवं. कृष्णेचा भोवरा पाण्याच्या जडत्वातून होतो. सेकंदाला १ मीटर वेग आणि १ मीटरचा अडथळा धरला, तरी रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे चिकटपणाच्या तुलनेत जडत्व किती पट, १० लाखांवर जातो. ग्राफीनच्या १ मायक्रॉन रुंद पट्टीत १ मायक्रोॲम्पिअर करंट सोड. सगळ्या इलेक्ट्रॉनांचा मिळून सरकण्याचा वेग सेकंदाला सव्वासहाशे मीटर येतो, आणि तरी रेनॉल्ड्स आकडा शतांशाच्याही खाली राहतो. तिथला उलटा ओघ निव्वळ चिकटपणातून येतो, जडत्वातून नाही. नदी विसर आणि गुऱ्हाळावर बरणीत ओतली जाणारी काकवी आठव. तिचा मधला पदर पुढे जातो, कडेचा भांड्याला धरून राहतो आणि कुठेही खळबळ नसते. २०१९ मध्ये वाइझमन संस्थेत इलानी यांच्या गटाने कार्बन नॅनोट्यूबचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर ग्राफीनच्या पट्टीवरून फिरवला आणि मधे फुगलेला, कडेला उतरलेला हा पॅराबोला प्रत्यक्ष रेखाटला.

अरुंद खिंडीचा प्रयोगही असाच. इलेक्ट्रॉन एकमेकांशी न बोलता सुटे धावले, तर खिंडीतून किती वाहकता मिळू शकते याला एक मर्यादा आहे. २०१७ मध्ये मँचेस्टरच्याच गटाने दाखवलं की टकरी सुरू झाल्यावर ग्राफीनच्या खिंडीची वाहकता त्या मर्यादेच्या वर जाते. कडेवर जाऊन आपटणाऱ्याला शेजारचे सोबत घेऊन जातात.

माझा स्वतःचा जीव मात्र कूलाँब ड्रॅगमध्ये आहे. दोन द्विमितीय थर, मधे पातळ रोधक. एका थरात करंट सोडायचा आणि दुसऱ्यात, काहीही न जोडता, व्होल्टेज मोजायचं. एकही इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाही, जातो तो फक्त संवेग. म्हणजे यार्डच दोन केले आणि एका यार्डातून दुसऱ्यात गेलेली रक्कम मोजली. इथे इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टक्कर कशाच्या आडून बघावी लागत नाही, तीच समोर येते. १९९१ मध्ये बेल लॅबमध्ये ग्रामिला आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या दोन थरांत हे मोजलं. ढोबळ अपेक्षा तापमानाच्या वर्गाची, आणि त्यापासून थोडं हटून जे दिसलं ते थरांमध्ये फोनॉनांची देवाणघेवाण होते याची खूण निघाली. ग्राफीनमध्ये मधला पापुद्रा १ नॅनोमीटरपर्यंत खाली आणता येतो, मग ओढ फार मोठी मिळते.

हे मोजताना एकदा मी पुरते दोन आठवडे चुकीच्या सिग्नलवर घालवले. वक्र सुंदर होता, तापमानाबरोबर वाढतही होता. मग सहज म्हणून करंटच्या थरातलं ग्राउंड एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेलं आणि सिग्नलचं चिन्हच उलटलं. मी ड्रॅग मोजतच नव्हतो. दोन थरांमधलं व्होल्टेज त्यांच्यातल्या धारितेतून (कपॅसिटन्स) लॉक-इनमध्ये, म्हणजे बारीक सिग्नल मोजणाऱ्या यंत्रात, गळत होतं. तेव्हापासून माझा नेम आहे, आणि प्रयोगशाळेत गेलीस तर तूही पाळ: ग्राउंड हलवून बघायचं, थरांची अदलाबदल करून तोच आकडा येतो का बघायचं, फ्रिक्वेन्सी निम्मी करून बघायचं. दोन्ही थरांत इलेक्ट्रॉन असतील, तर ड्रॅगचं व्होल्टेज करंटच्या थरातल्या उताराच्या विरुद्ध चिन्हाचं यायला हवं, कारण ओढले गेलेले इलेक्ट्रॉन टोकाला साचून परत ढकलू लागतात. चिन्ह उलटं आलं तर आधी वायरिंग तपासायचं, सिद्धांत नंतर.

"टकरीत संवेग टिकतो" यालाही एक पळवाट आहे, ती थोडक्यात सांगतो. आयर्विन पूल झाला त्याच वर्षी, १९२९ला, पायर्ल्स यांनी दाखवलं की स्फटिकजाल स्वतः संवेगाचा एक ठोक हप्ता उचलू शकतं. याला उमक्लाप म्हणतात. साध्या ग्राफीनमध्ये फर्मी वर्तुळ इतकं लहान असतं की तो हप्ता पुरा होत नाही. पण ग्राफीन बोरॉन नायट्राइडवर बरोबर जुळवून ठेवलं, तर दोन्ही जाळ्यांच्या मापातल्या जेमतेम १.८ टक्के फरकामुळे सुमारे १४ नॅनोमीटरची नवी मोठी जाळी तयार होते. तिचा हप्ता लहान, म्हणून तो भरता येतो. मग इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या टकरी थेट रोध देतात, तोही तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. २०१९ मध्ये हे मोजलं गेलं.

आणि शेवटची अट, जी वर्गात बहुतेक वेळा बोलली जात नाही: संवेग टिकला म्हणजे करंट टिकला, हे फक्त करंट संवेगाच्या प्रमाणात असेल तेव्हाच खरं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ते जवळपास खरं आहे. ग्राफीनमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा वेग तोच, संवेग कितीही असो. त्यामुळे डिरॅक बिंदूपाशी, जिथे इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे धन भारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा, सारख्याच संख्येने असतात, दोघे आदळले की संवेग तसाच राहतो आणि करंट मात्र कमी होतो. तिथे उष्णता मजेत वाहते आणि विद्युतभार अडतो. २०१६ मध्ये हार्वर्डला फिलिप किम यांच्या गटाने मोजलं, तेव्हा उष्णता आणि विद्युत वाहकतेचं गुणोत्तर वीडेमन-फ्रांट्झ नियमाच्या, म्हणजे साध्या धातूंत हे गुणोत्तर ठरवणाऱ्या नियमाच्या, दहा पटींहून वर गेलेलं दिसलं. तुझ्या सरांचं वाक्य इथे पूर्णच उलटतं.

प्रकल्पाचं विचारलंस. साधा लॅपटॉप पुरे. वर्तुळाचे ३६ समान भाग कर, प्रत्येकात हजार इलेक्ट्रॉन ठेव. मग दोन विस्कळीतपणा घाल, एक दुसऱ्या हार्मोनिकचा म्हणजे लांबट आणि एक तिसऱ्या हार्मोनिकचा म्हणजे तिकोनी. आता सगळ्या इलेक्ट्रॉनांतून यादृच्छिकपणे एक निवड, बरोबर समोरच्या भागात किमान एक इलेक्ट्रॉन असेल तरच ही जोडी काढ आणि यादृच्छिकपणे निवडलेल्या समोरासमोरच्या दोन भागांत टाक. हे पुन्हा पुन्हा कर आणि दोन्ही हार्मोनिकांची मापं नोंदवत जा. दुसरं विरेल, तिसरं शेवटच्या अंकापर्यंत जागचं हलणार नाही. हलत असेल तर कोडमध्ये चूक आहे. ते जमलं की प्रत्येक शंभर टकरींमागे एक अशी टक्कर मिसळ जिच्यात एकाच भागातले दोघे एकेक भाग विरुद्ध बाजूंना वळतात आणि बेरीज जवळजवळ सांभाळतात, आणि तिसरं किती हळू उतरतं ते मोज. एक लाख टकरींनंतरचे दोन्ही आकडे मला पाठव.